समुद्रकाठच्या गावात चार दिवस, मुलं ३ आणि ८ वर्षांची. कमी खर्चात काय काय करता येईल?

सुट्टीचा_बेत
नमस्कार मंडळी. समुद्रकाठच्या एका लहान गावात चार दिवस राहायचं ठरतंय. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. गाडी नाही, किनारा चालत दहा-पंधरा मिनिटांवर. मत्स्यालय, स्पीडबोट, पॅरासेलिंग यांवर पैसे घालायचे नाहीत. दोन्ही वयांना जमेल असं, फुकट किंवा जवळपास फुकट काय करता येतं? मुलं पाण्यात गेली की तासाभरात एक कंटाळतं आणि दुसरं रडतं, असं ऐकून आहे. कोणत्या वेळी जावं, सोबत काय न्यावं, कशापासून जपावं, तेही सांगा. "मजा करा" नको, नेमकं हवं.

भरतीओहोटी
आधी एक काम करा: त्या गावाचं (किंवा सर्वांत जवळच्या बंदराचं) भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा आणि चार दिवसांच्या ओहोटीच्या वेळा कागदावर लिहा. समुद्रकाठी फुकटात जे जे चांगलं मिळतं, ते बहुतेक ओहोटीला मिळतं. सपाट ओली वाळू, उघडे पडलेले खडक, त्यांतली डबकी, शंख-शिंपले, वाळूतले खेकडे. भरतीला त्याच जागी गेलात तर उतरती वाळू आणि अंगावर येणाऱ्या लाटा एवढंच असतं. मुलं कंटाळतात ती याच्यामुळे.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी ७:१० ला असेल तर पुढे ८, ८:५०, ९:४० अशी धरा. हे सरासरीचं गणित झालं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात रोजचा फरक ४० मिनिटांच्या आसपास असतो, अष्टमीच्या भांगाला (म्हणजे पाण्याचा चढउतार सर्वांत कमी असतो तेव्हा) तासाच्याही वर जातो. म्हणून छापील वेळच खरी माना.

वेळापत्रकात वेळेशेजारी मीटरमध्ये उंची दिलेली असते, ती बघायला लोक विसरतात. ओहोटीचा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितके खडक जास्त उघडे. अमावास्या किंवा पौर्णिमा झाल्यावर एक-दोन दिवसांनी पाणी सर्वांत लांब जातं. भांगाच्या दिवसांत ओहोटी असूनही पाणी फारसं हटत नाही, मग खडकांचा बेत फसतो. तारखा हातात असतील तर राहण्याची जागा पक्की करण्याआधीच हे बघा. आणखी एक: एका गावात उधाणाची मोठी ओहोटी वर्षभर साधारण ठरलेल्या घटकेलाच येते. कुठे ती सकाळी-संध्याकाळी, कुठे भर दुपारी किंवा मध्यरात्री. तुमच्या गावी ती सकाळी येत असेल तर उधाणाचेच दिवस धरा. दुपारी येत असेल तर उधाणानंतर तीन-चार दिवस किंवा आधी तीन-चार दिवस जाणं बरं, कारण लहान मुलांना भर दुपारी उघड्या खडकावर नेता येत नाही.

खडकांवर जायचं ते ओहोटीच्या ठरलेल्या वेळेच्या दीड तास आधी, आणि परत फिरायचं ओहोटीच्या वेळेला. "आता तर पाणी लागलंय वळायला, अजून अर्धा तास" हे करायचं नाही. पाणी एकसारखं चढत नाही. भरती-ओहोटीत ३ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी सुमारे २५ सेंटीमीटर चढतं, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ७५, चौथ्यात ७५, मग पुन्हा ५० आणि २५. पहिल्या तासात काहीच होत नाही असं वाटतं आणि तिसऱ्या तासात तीन वर्षांच्या मुलाच्या छातीइतकं पाणी वाढतं. शिवाय ते समोरूनच येतं असं नाही. खडकाच्या मागची खोलगट जागा आधी भरते आणि परतीची वाट तुटते. जाताना ती जागा बघून ठेवा.

(भूमध्य समुद्रासारख्या कोंडलेल्या समुद्रात हा फरक फारच थोडा असतो. तिथे यातलं बरंच लागू होत नाही.)

खडक_आणि_डबकी
वरचा प्रतिसाद अगदी बरोबर. डबक्यांबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण आठ वर्षांच्या मुलीला यात दोन-दोन तास जातात.

पायात चप्पल नको. ओल्या खडकावर चप्पल पायाखालून सटकते. जुने कॅनव्हासचे बूट, मागून बंद, भिजले तरी चालतील असे. हिरवं, केसांसारखं शेवाळ असेल त्यावर पाय ठेवायचा नाही, ते साबणासारखं असतं. खरबरीत, पांढरट ठिपक्यांच्या खडकावर पकड मिळते. ते ठिपके म्हणजे बार्नाकल, त्यांची कड ब्लेडसारखी असते, म्हणून तिथे हात टेकताना जपून. मुलांना सांगायचं: तीन पायांवर चाल, म्हणजे एक हात कायम खडकाला.

डबक्यात बघायला एक साधन घरीच करा. प्लास्टिकचा उभा डबा घ्या, साधारण १५ सेंटीमीटर रुंद. त्याचा तळ कापून काढा, कापलेल्या कडेवर चिकटपट्टी लावा. तळाच्या जागी स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा आणि रबरबँडच्या दोन-तीन फेऱ्यांनी घट्ट करा. ही बाजू पाण्यात चार-पाच सेंटीमीटर दाबून वरून डोकावायचं. पाण्यावरची चमक नाहीशी होते आणि पाण्याच्या दाबाने प्लास्टिक आत फुगतं, त्यामुळे खालचं थोडं मोठंही दिसतं. प्लास्टिक सैल राहिलं तर सुरकुत्यांतून काही दिसत नाही, तेवढं सांभाळा.

डबक्याशी गेल्यावर आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही आणि तीन मिनिटं हलायचं नाही. घड्याळ मुलीच्या हातात द्या. पहिल्या मिनिटात फक्त पाणी आणि दगड दिसतात. मग एखादा शंख चालायला लागतो, म्हणजे आत शंख भाड्याने घेतलेला खेकडा आहे. बुडालेल्या बार्नाकलच्या टोकाची दारं उघडतात आणि पिसासारखे पाय बाहेर येऊन पाण्यातलं अन्न ओढून घेतात, मूठ उघडून मिटावी तसे. खडकाला चिकटलेला जेलीसारखा गोळा पाण्याखाली उमलून समुद्रफूल होतो. बोट लावायचं नाही, काही जाती डसतात.

दगड उलटून बघितला तर जसा होता तसा, त्याच बाजूने परत ठेवायचा. खालच्या ओलाव्यात राहणारे जीव उन्हात उघडे पडले की थोड्याच वेळात मरतात. बादलीत काही घ्यायचंच असेल तर समुद्राचंच पाणी, एका वेळी एक जीव, पाच मिनिटं, आणि परत त्याच डबक्यात. थोडं पाणी उन्हात चटकन तापतं आणि त्यातला प्राणवायू कमी होतो. बहुतेक मेलेले मासे "आम्ही पाळणार आहोत" म्हणणाऱ्यांच्या बादल्यांत सापडतात.

उष्ण समुद्रात शंकूच्या आकाराचे, नक्षीदार शंख जिवंत असतात, त्यांच्या डंखात विष असतं. मोठ्यांनी उचलून रिकामा आहे हे बघितल्याशिवाय मुलांनी कोणताच शंख उचलायचा नाही, खिशात तर मुळीच नाही.

आणि जेलीफिश. निळा-जांभळा फुगा आणि त्याला लांब दोरे असं काही वाळूवर दिसलं तर ते मेलेलं असलं तरी डसतं. डसलंच तर समुद्राच्या पाण्याने धुवा, उरलेले दोरे चिमट्याने किंवा प्लास्टिकच्या कार्डाने काढा, वाळूने चोळू नका. मग तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात २० मिनिटं ठेवा, ४५ अंशांच्या वर नाही, आधी मोठ्याने स्वतःचा हात घालून बघायचा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा उलट्या सुरू झाल्या तर थेट दवाखाना.

पिशवीत_सगळं
जेलीफिशवर व्हिनेगर ओतायचं ना? बाटली सोबत ठेवायला सांगतात.

खडक_आणि_डबकी
सरसकट नाही. बॉक्स जेलीफिश असतात त्या समुद्रात व्हिनेगरने न फुटलेल्या डंखपेशी थांबतात, म्हणून तिथे ते ठेवतात. निळ्या फुग्यासारख्या प्राण्यावर ते वापरू नका असं बहुतेक ठिकाणी सांगतात. गावात जीवरक्षक असतील तर पहिल्याच दिवशी विचारा, इथे कोणती जात येते आणि काय लावायचं. बाटली वाया जाणार नाही, वाळूच्या एका प्रयोगाला लागते, कोणीतरी लिहीलच.

वाळूचा_किल्ला
लिहितो. तीन वर्षांच्या मुलासाठी वाळूच मुख्य धरा. समुद्र त्याला पहिल्या दिवशी मोठा आणि आवाजाचा वाटतो, ओढून नेऊ नका.

लाटांपासून लांब, सावलीत, गुडघ्याहून कमी खोल, पसरट खड्डा करा. त्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, कडा वाळूने दाबा, चार-पाच बादल्या समुद्राचं पाणी ओता. झालं त्याचं तळं. पाणी हळूहळू कोमट होतं. कागद नसेल तर पाणी लगेच मुरतं आणि मूल रडतं. घोटाभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, तेव्हा एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवाच. उठताना तळं मोडून खड्डा बुजवायचा.

किल्ला का ढासळतो? एकतर वाळू कोरडी असते, नाहीतर फार ओली. वाळूचे कण पाण्याच्या बारीक पुलांनी एकमेकांना धरतात. पाणी जास्त झालं की ते पूल बुडतात आणि वाळू वाहते. कोरड्या वाळूच्या आठ बादल्यांना पाण्याची एक बादली हे प्रमाण चांगलं बसतं. मूठ दाबून बघा: गोळा टिकला आणि हाताला पाणी सुटलं नाही तर बरोबर. उंच बुरूज हवा असेल तर तळ काढलेली जुनी बादली साचा म्हणून ठेवा, तीन-तीन बोटं वाळू घालून प्रत्येक थर मुठीने ठोका. भरली की बादली सरळ वर ओढून काढा. उलटी बादली आपटून काढलेला बुरूज निम्म्या वेळा कडेने फुटतो, कारण वरची वाळू दाबलेलीच नसते. कोरीवकाम वरून खाली करा, म्हणजे पडणारी वाळू झालेल्या कामावर पडत नाही.

भुयारं नकोत. मोठी मुलं खोल खड्डा खणून आत उतरतात, बाजू एका क्षणात कोसळतात आणि ओली वाळू इतकी जड असते की हातांनी उपसून वेळेत माणूस निघत नाही. सर्वांत छोट्या मुलाच्या गुडघ्याएवढी खोली, त्याच्या पलीकडे नाही, हा नियम ठेवा.

आता वाळूचे प्रयोग, मुलीसाठी. चुंबक छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूत फिरवा. काळे कण पिशवीला चिकटतात, तो मॅग्नेटाइट. पिशवी उलटी करून चुंबक काढला की कण कागदावर पडतात. पिशवी न घालता चुंबक वाळूत घातला तर ते कण पुन्हा सुटत नाहीत, चुंबक वाया जातो. दुसरा प्रयोग व्हिनेगरचा. चमचाभर वाळूवर थोडं व्हिनेगर घाला. बुडबुडे आले तर त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आहे, न आले तर ती मुख्यतः खडकाची. गावातल्या दोन किनाऱ्यांची वाळू वेगवेगळी निघू शकते, दोन डब्यांवर नावं लिहून तुलना करता येते.

भरतीने सोडलेल्या कचऱ्याच्या रेषेवरून चालत जा. ओहोटीला ती सगळीकडे मोकळी मिळते. शिंपल्याला बिजागरीच्या जवळ गोल, आतल्या बाजूला निमुळतं होत गेलेलं भोक दिसलं तर ते चांदगोगलगायीचं काम. ती शिंपला पोखरून आतला जीव खाते. अशी भोकं असलेले रिकामे शिंपले दोऱ्यात ओवता येतात. पांढरा, हलका, होडीसारखा तुकडा मिळाला तर तो समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या अंगातला सांगाडा. नखाने ओरखडा काढला की पीठ निघतं. संरक्षित किनारा असेल तर मात्र बघा, मोजा आणि ठेवून या.

सुट्टीचा_बेत
हे फारच उपयोगी! वेळापत्रक बघितलं: पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी ८:२० ला, उंची ०.४ मीटर. म्हणजे ६:५० ला खडकांवर, ८:२० ला परत, बरोबर ना? आता दुपार आणि संध्याकाळ राहिली. आणि पाण्यात किती खोल जाऊ द्यायचं?

भरतीओहोटी
बरोबर. ०.४ म्हणजे छान उघडं पडेल.

पाणी: मुलगी गुडघ्यापर्यंत, मुलगा घोट्यापर्यंत, तोही हात धरून. आधी पाच मिनिटं उंचावर उभं राहून समुद्र बघा. सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद, सपाट दिसतोय, किंवा फेस आणि गढूळ पाणी तिथून आत निघालंय, तर तो रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून आत ओढून नेणारा प्रवाह. लोक तीच शांत जागा मुलांसाठी निवडतात, ही सर्वांत मोठी चूक. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे सरळ पोहायचं नाही. पाठीवर तरंगत हात वर करायचा, किंवा किनाऱ्याला समांतर जाऊन पट्ट्याबाहेर यायचं. लाल-पिवळे झेंडे लावलेले असतील तर त्यांच्यामधेच उतरा. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचंच नाही.

हवेची ट्यूब, हवेचा मगर वगैरे घेऊ नका. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर ट्यूब माणूस धावून पकडू शकत नाही इतक्या वेगाने आत जाते. पोहण्याचे कपडे भडक नारिंगी, पोपटी किंवा गुलाबी घ्या. निळा, पांढरा, करडा रंग पाण्याखाली दिसत नाही.

दीपगृह
दुपार: १० ते ४ उन्हात जाऊच नका. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणं परत फेकतो, म्हणून छत्रीखाली बसूनही मुलं भाजतात. सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी अर्धा तास, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. जेवण, झोप, वाचनालय, गावातलं छोटं संग्रहालय असेल तर ते, हे सगळं या वेळात. खोलीवर मीठ करायला ठेवा: पसरट ताटात १०० मिलीलिटर समुद्राचं पाणी, फडक्यातून गाळून, खिडकीत. एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ताटात साडेतीन ग्रॅम उरतील. खोल वाटी घेतली तर चार दिवसांत सुकत नाही. मीठ खायचं नाही, फक्त भिंगातून चौकोनी खडे बघायचे.

चारनंतर पतंग. जमीन तापली की वारा समुद्राकडून येतो, दुपारनंतर तो बराच स्थिर असतो. समुद्राकडे पाठ करून पाण्याच्या कडेशी उभं राहायचं, म्हणजे पतंग वाळूवर उडतो आणि पडला तरी भिजत नाही. कागदी पतंग दमट हवेत मऊ पडतो, पातळ प्लास्टिकचा घ्या. साधा सुती दोरा, मांजा नाही. मागे विजेच्या तारा असतील तर ती जागा सोडायची.

किनारा पश्चिमेकडे असेल तर सूर्यास्त दोनदा बघता येतो. मुलीला वाळूवर आडवं पडून बघू द्या. वरची कड बुडाली की तिने लगेच उभं राहायचं, सूर्याचा तुकडा पुन्हा दिसतो आणि काही सेकंदांनी परत बुडतो. क्षितिजावर ढग नसतील तरच जमतं. सूर्य बराच वर असताना त्याच्याकडे टक लावून बघू देऊ नका, फक्त शेवटची लाल कड.

हे पृथ्वी गोल असल्यामुळे होतं, आणि याच कारणाने लांब जाणाऱ्या जहाजाचा खालचा भाग आधी नाहीसा होतो. डोळ्यांच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. डोळे १ मीटरवर असतील तर साडेतीन, ९ मीटरच्या टेकडीवरून १०.७, २५ मीटरच्या मनोऱ्यावरून सुमारे १८.

अंधार पडल्यावर दीपगृह दिसत असेल तर त्याचा ठेका मोजा. प्रत्येकाची उघडझाप वेगळी असते, त्यावरून खलाशी ते कोणतं हे ओळखतात. एकच फेरी मोजली तर चुकते, दहा फेऱ्यांचा वेळ घेऊन दहाने भागा. दिवसा वर चढू देतात का ते विचारा, बहुतेक वेळा ठरावीक तासच असतात. जिना अरुंद आणि गोल असतो, तीन वर्षांचा मुलगा वर कडेवर आणि खाली उतरताना पुढे मोठा माणूस.

बोटीत बसायचंच असेल तर पर्यटकांच्या बोटीऐवजी गावकरी वापरतात ती फेरीबोट घ्या. मध्यभागी बसा, तिथे हेलकावे कमी. मळमळलं तर मोबाईल बंद, नजर क्षितिजावर. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते चढण्याआधी बघा. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. खांद्याशी धरून वर ओढा, हनुवटीच्या वर गेलं तर ते मोठं आहे.

पहाटे मासे उतरवण्याच्या धक्क्यावर जाऊन या. कामाच्या वाटेत उभं राहू नका, ताणलेल्या दोराजवळ आणि दोराच्या वेटोळ्यात मुलांचा पाय जाऊ देऊ नका. खाडी असेल तर पाखरं बघायची वेळ भरतीच्या दोन तास आधीची. पाणी चढतं तशी चिखलातली पाखरं काठाकडे सरकतात, साध्या डोळ्यांनीही दिसतात. चिखलात मात्र उतरायचं नाही, पाय रुततो आणि मागून पाणी येतं.

पिशवीत_सगळं
सामानाची राहिलेली भर: वाळू निघत नाही म्हणून ओल्या अंगावर टॉवेल घासू नका, कातडी सोलवटते. अंग आधी सुकू द्या, मग सुती मोज्यात मूठभर मक्याचं पीठ भरून त्याने थोपटा, वाळू झडते. तापलेल्या वाळूवर अनवाणी सोडण्याआधी हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर मुलाला नाहीच. मुलांच्या दंडावर न पुसणाऱ्या पेनाने तुमचा फोन नंबर लिहा आणि रोज निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढा. पाण्याजवळ दोघे मोठे असाल तर पंधरा-पंधरा मिनिटांची पाळी लावा. ज्याची पाळी त्याच्या हातात फोन नको, आणि पाळी देताना "आता तू बघतोयस" असं तोंडाने म्हणा. दोघांनाही दुसरा बघतोय असं वाटतं, तेव्हाच मूल पाण्यात जातं.